चार शब्दांचा अलार्म

दुपारी पुस्तिका छपाईला जायची होती आणि तिचा पाय खुर्चीखाली ठरत नव्हता. सलाइनच्या पंपाची ती माहितीपुस्तिका. पंप तिच्या विभागाचा, इंग्रजी मामाचं. मामा निवृत्त शिक्षक. तो कंपनीत पुस्तिका लिहायला आल्यापासून चारचौघांत ती त्याला ‘सर’ म्हणे; दार लागलं की तो मामा, आणि अरे-तुरे.

तिनं दार लावलं.

“मामा, अलार्म बंद करायला तू चार शब्द वापरलेयस. सायलेन्स, म्यूट, क्वाएट, स्टॉप.”

“मग? एकच शब्द ओळीओळीला आला की इंग्रजी दरिद्री वाटतं. पोरांचे मार्क कापलेत मी त्यावर.”

“माझेही कापलेस.”

“भाची म्हणून सोडलं असतं तर वर्गानं मला सोडलं नसतं.”

ती हसली नाही. पंपावर दोन बटणं होती. बाटली संपत आली की अलार्म वाजे. ‘सायलेन्स’ दाबलं तर तो थोडा वेळ गप्प बसे आणि बाटली बदलली नसेल तर पुन्हा बोंब ठोके. ‘स्टॉप’ दाबलं तर मात्र पंप चालूच राही, पण तो बंद करून नव्यानं सुरू करेपर्यंत अलार्मचा आवाज नाही. मामाला चारही शब्दांनी पहिलंच बटण सांगायचं होतं.

“नर्स काय दूधखुळ्या असतात? त्यांना कळतं,” मामा म्हणाला. “तू राईचा पर्वत करतेस.”

ती खिडकीपाशी गेली, परत आली. मॅनेजरकडे जाऊन एका वाक्यात हे काम मामाकडून काढून घेता आलं असतं. पण मग तो घरी बसला असता, आपलं इंग्रजी चांगलं होतं असंच मानत. आणि पुस्तिका तशीच गेली असती तर कुठल्या तरी वॉर्डात कुणाची तरी बाटली गुपचूप संपली असती. यातलं काहीच तिला गिळता येईना.

तिनं चाचणीचा पंप टेबलावर ओढला आणि जवळजवळ रिकामी बाटली वर टांगली. नळीचं टोक बादलीत सोडलं.

“तूच वाच, तूच दाब.”

“हा काय पोरखेळ लावलायस,” म्हणत त्यानं चष्मा पुसला. अलार्म वाजू लागला. त्यानं वर्गातल्या आवाजात वाचलं, “स्टॉप द अलार्म अँड ब्रिंग अ फ्रेश बॉटल,” आणि ऐटीत ‘स्टॉप’ दाबलं. “झालं?”

“आता समज, बाटली आणायला निघालास आणि दुसऱ्या पेशंटनं हाक मारली.”

“बरं. गेलो तिकडे.”

दोघं बसून राहिले. थेंब पडत होते. मामानं हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली.

“वाजेल ना आता?”

तिनं बाटलीकडे बोट केलं. बाटली कोरडी झाली. नळीतलं पाणी खाली सरकत गेलं, मागे हवा आली. पंप निमूट फिरत होता.

“अगं, वाज म्हणावं त्याला.”

मग त्यानं स्वतःच पानं ओढली आणि खोडायला घेतलं. एका ठिकाणी पेन अडलं. “‘क्वाएट’ राहू दे? मथळ्यात आहे.”

“नाही.”

त्यानं तेही खोडलं. पेनाचं टोपण लावता लावता थांबला.

“जुन्या पंपाची पुस्तिका पण माझीच होती.”

“त्यात काय आहे?”

“‘स्टॉप’च असणार. मला फार आवडला होता तो शब्द तिथं.” तो तिच्याकडे बघत नव्हता. “कुठंकुठं गेलीय ती?”

“माहीत नाही. शोधावं लागेल. सगळीकडे पत्र पाठवावं लागेल.”

“मी लिहितो.”

“मामा, साधं लिही.”

“साधंच लिहीन. तू इथून उठू नकोस. मला अजून वाटतंय, तो वाजेल.”