देवळात राहिलेलं चाक

या, मित्रांनो, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढे या, पुढच्यांनी थोडं मांडी आवळून बसा. आज एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात देव आहे, डोंगर आहे आणि एक मोठी फजिती आहे. फजितीशिवाय सांगितलेली देवाची गोष्ट मला अळणी वाटते.

मी एक जुना सायकल-रॅक आहे. मोटारीच्या टपावर बसणारा. तैवानात शेनगांग म्हणून गाव आहे, तिथे गल्लीगल्लीत सायकलीचे भाग घडतात. त्यातल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये जिन-थू मिस्त्रींनी मला घडवलं. सायकलीच्या मागच्या चाकासाठी लांब पन्हळ, पुढचा दुभागलेला दांडा धरायला पोलादी चिमटा आणि आवळायला दोन पट्टे, एवढाच माझा देह. मिस्त्री बोलायला कमी. सांध्याला डाग देऊन झाला की कान लावून टिचकी मारायचे आणि नाद नीट आला तर नुसतं "हं" म्हणायचे. माझ्या वाट्याला आलेल्या दोन "हं"वर मी उभं आयुष्य काढलं.

त्यांची बायको बी-श्या. वय एकोणसाठ, उंची बेताची, मनगट मात्र लोहाराचं. घाटात सायकली चालवणाऱ्यांच्या मागे ती आपली व्हॅन चालवायची. पाणी, केळी, भाताचे मुटके, पंक्चरचं सामान आणि धीर, सगळं तिच्या गाडीत असायचं. मी तिच्या टपावर होतो हे मी आजही मान वर करून सांगतो.

तिचं सायकल चढवणं बघत राहावं असं होतं. आधी पुढचं चाक काढायचं आणि दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी ते गाडीत ठेवायचं. हा तिचा पहिला नियम. मग गाडीच्या टायरवर एक पाय देऊन वर चढायचं, सायकलीचा दांडा माझ्या चिमट्यात बसवायचा, आस आरपार घालून पिळायचा, मागचं चाक पन्हळीत ठेवून पट्टा ओढायचा. शेवटी सायकल धरून गदगदा हलवायची. "सायकल हलवली की गाडी हलली पाहिजे," ती म्हणायची. "नुसतीच सायकल हलली तर ती माझी नाही, रस्त्याची." स्टिअरिंगच्या वर तिनं एक कागद डकवला होता, त्यावर टपावरच्या सायकलीसकट गाडीची उंची लिहिलेली. वाटेत कमी उंचीची कमान आली की ती आधी कागद बघायची, मग कमान. हे सगळं चालू असताना ती मात्सू आईचं नाव गुणगुणत असायची. तोंडात देवी आणि हातात पाना. अशी भक्ती मी दुसरीकडे पाहिली नाही.

आता हाय-शुनबद्दल सांगतो. मालीश करून पोट भरणारा हा एकावन्न वर्षांचा माणूस. एकोणिसाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली. जीभ मात्र दोघांची होती. त्याचे वडील कुदळ घेऊन वूलिंगच्या घाटरस्त्यावर राबलेले. ते सांगायचे, "वर खिंडीत उभं राहिलं की वारा चारी बाजूंनी बोलतो." हाय-शुनला तो वारा ऐकायचा होता आणि स्वतःच्या पायांनी तिथे जायचं होतं. त्यासाठी दोघांनी चालवायची लांबलचक जोडसायकल आली. पुढे बहिणीची मुलगी या-त्सेन, मागे हा. तीन वर्षं दोघांनी सराव केला. एका वर्षी पावसानं मोडता घातला, एका वर्षी दरडीनं. आणि आता या-त्सेनला नोकरीसाठी पुढच्या महिन्यात व्हिएतनामला जायचं होतं. म्हणजे यंदा नाही तर मग नाहीच.

ती जोडसायकल कुठल्याच रॅकवर मावेना. म्हणून जिन-थू मिस्त्रींनी माझी पन्हळ हातभर वाढवली आणि मला तिसऱ्यांदा "हं" ऐकायला मिळालं.

जायच्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत सगळे निघाले आणि गावच्या मात्सूच्या देवळापाशी थांबले. तिथली रीत अशी की प्रवासाला निघताना ताईत घ्यायचा, मोठ्या धूपपात्रावरून धुरात तीनदा फिरवायचा आणि गाडीत टांगायचा.

हाय-शुन म्हणाला, "वहिनी, ताईत एवढासा आणि घाट एवढा मोठा. पुरायचा कसा? त्यापेक्षा आख्खं चाकच फिरवा की."

"चाक? देवी हसेल मला."

"हसू दे. हसली म्हणजे लक्ष आहे."

सायकल टपावर आधीच चढली होती, पुढचं चाक नियमाप्रमाणे गाडीत होतं. बी-श्यानं ते बाहेर काढलं, दोन्ही हातांनी धूपपात्रावर धरलं आणि तीनदा फिरवलं. देवळाचा म्हातारा राखणदार म्हणाला, "उद्या लोक गाडीच उचलून आणतील." मग उदबत्ती हातात घ्यायची म्हणून तिनं चाक दगडी सिंहाच्या पायाशी टेकवलं. डोळे मिटून मनापासून नमस्कार केला. डोळे पुसतच ती गाडीकडे आली, माझे पट्टे एकदा नव्हे, दोनदा तपासले आणि गाडी सुरू केली.

मित्रांनो, मला काही कळलं नाही हो. पुढचं चाक माझ्यावर बसतच नाही, ते आत जातं. माझ्या चिमट्यात दांडा घट्ट होता, मी आपला खूश होतो.

तासाभरानं पुली गाव आलं. दरवर्षीची घाटचढाई इथल्याच मैदानावरून सुरू होते. साडेसहाला निघायचं होतं, कारण दुपारी वर धुकं उतरतं आणि धुक्यात जोडसायकल सोडायची नाही असा आयोजकांचा नियम होता. सायकल उतरली. या-त्सेननं मागचं दार उघडलं, केळी हलवली, पाण्याचे डबे हलवले.

"काकू, चाक कुठंय?"

बी-श्या जागच्या जागी थिजली. तिला भाचीवर ढकलता आलं असतं, हाय-शुनच्या हट्टावर ढकलता आलं असतं. मी मनात तीन मोजेपर्यंत ती बोलली सुद्धा.

"देवळात. सिंहाच्या पायाशी. मी विसरले."

"अरे वा," हाय-शुन म्हणाला. "म्हणजे यंदा सिंह घाट चढणार."

कुणी हसलं नाही. त्याचं हसूही विरलं. त्यानं हात पुढे करून सायकलीचा मोकळा दांडा चाचपला, जिथे चाक असायला हवं तिथे बोटं फिरवली आणि हात खिशात घातला. जाऊन यायला दोन तास. तोवर वेळ टळलेली.

"देवीनं चाकाला आशीर्वाद दिला," बी-श्या म्हणाली, "मला डोकं दिलं होतं, ते मी वापरलं नाही. आता वापरते." तिनं सायकलीचा जाडजूड आस हातात घेतला आणि गाड्यांच्या रांगेत शिरली. तो आस ज्यात जाईल आणि ब्रेकची चकती ज्यावर तेवढीच मोठी असेल, असंच चाक हवं होतं. दोन माणसांचं ओझं उतारावर थांबवायचं होतं ना.

त्या मैदानात माझे सगळे भाऊबंद जमले होते. पहिल्याच गाडीच्या टपावर रबरी वाट्यांनी चिकटणारा रॅक होता. टप स्वच्छ पुसून, वाट्या ओल्या करून, आतली हवा काढली तर तो जळवेसारखा बसतो, पण धुळीवर लावला तर देवच राखो. त्यावरची सायकल रस्त्यावरची, हलकी, तिचा आस बारीक. पुढे गाडीच्या मागच्या लोखंडी आकड्यावर बसणारा फळीसारखा रॅक. गुडघ्याइतक्या उंचीवर सायकल ठेवली की झालं, कंबर वाचते. त्याचा मला थोडा हेवा वाटतो, खोटं का बोला. त्यावरच्या सायकलीचा आस जुळला, पण मालक कपडे घालून तयार.

"मावशी, हे चाक तुम्हाला दिलं तर मी काय उड्या मारत जाऊ?"

"जाशील रे, तुझ्या मांड्या बघून वाटतं तसं," बी-श्या म्हणाली आणि पुढे सरकली.

हाय-शुन तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. एकाएकी तो थांबला. "वहिनी, कुणाचं तरी रबर जळालंय. डाव्या हाताला."

डाव्या हाताला एक नवीकोरी मोटार होती. मागच्या झाकणाला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक आणि त्यावर विजेवर चालणारी धिप्पाड सायकल लोंबत होती. तिच्याजवळ वेन-बिन म्हणून एक चाळिशीचा माणूस उकिडवा बसला होता. त्याची गोड चहाची दुकानं होती. मागचं चाक बरोबर धुराड्यासमोर आल्यानं सगळी वाट त्यावर गरम धूर बसला होता. टायर वितळून फुटलेला, त्याचा लगदा झालेला.

बी-श्यानं वाकून पाहिलं. "बाबा, पट्ट्यांच्या रॅकवर एवढी जड सायकल टांगत नाहीत. आणि टांगलीस ती धुराड्याच्या तोंडाशी. चाक शेकायला ठेवलं होतंस का?"

"दुकानदार म्हणाला, कुठल्याही गाडीला बसतो."

"बसतो रे. बसतो आणि जाळतो."

मग तिनं पुढच्या चाकाकडे पाहिलं. चकती मोठी. आस लावून पाहिला. बाळ कुशीत शिरावं तसा तो आत गेला.

तिनं मागणं घातलं तेव्हा वेन-बिनचा चेहरा उतरला. "नऊ वाजता इथलं सायकलीचं दुकान उघडेल," तो म्हणाला. "नवा टायर घालीन. माझी सायकल विजेची आहे, नऊला निघूनही धुक्याच्या आधी पोचेन. चाक दिलं तर माझं जाणं संपलं. सगळ्या दुकानांत सांगून आलोय मी, वूलिंगला चाललोय म्हणून."

त्याचं म्हणणं खरं होतं. खऱ्यापुढे बी-श्या कधी वाद घालत नसे.

वेन-बिननं हाय-शुनकडे पाहिलं. "राग मानू नका, पण तुम्हाला वर जाऊन दिसणार काय?"

"काही नाही," हाय-शुन म्हणाला. "इथे तरी काय दिसतंय? माझा बाप त्या रस्त्यावर राबला. म्हणायचा, वर वारा चारी बाजूंनी बोलतो. खरं म्हणायचा की थापा मारायचा, एवढं बघून यायचंय."

वेन-बिननं जळक्या टायरवरून एकदा हात फिरवला. मग त्यानं आपल्याच सायकलीचा आस पिळायला सुरुवात केली. चाक हातात देताना एवढंच म्हणाला, "धुराड्याचं कुणाला सांगू नका."

बी-श्यानं शब्द दिला आणि पाळला. मी शब्द दिला नव्हता, म्हणून तुम्हाला सांगतोय.

ब्रेक जरा घासत होता. तिनं एक पातळ वॉशर घातला, चाक फिरवून कान लावला. सहा वाजून चोवीस मिनिटांनी जोडसायकल रस्त्याला लागली.

मी रिकाम्या अंगानं टपावर बसून सारा घाट पाहिला. पुढे भाची, मागे मामा, त्यांच्यामागे सावकाश आमची गाडी. शेवटच्या चढावर चाकं इतकी हळू फिरत होती की मला त्यांच्या तारा मोजता येत होत्या. या-त्सेन ओरडायची, "मामा, झोपलास का मागं?" आणि मामा म्हणायचा, "तू चालव, मी वजनाला आलोय." बारा वाजून दहा मिनिटांनी खिंड आली.

हाय-शुन उतरला. पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला, मग दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे, मग उत्तरेकडे.

"थापाच मारायचा म्हातारा," तो शेवटी म्हणाला. "बोलत बिलत नाही. नुसता ढकलतो."

या-त्सेन म्हणाली, "मग निघायचं?"

"थांब जरा," तो म्हणाला. "अजून थोडं ढकलू दे." आणि तसाच उभा राहिला, समोरून धुक्याचा पहिला पदर येईपर्यंत.

पुढं माझं काय झालं? जे सगळ्यांचं होतं ते. बी-श्याचे खांदे दुखायला लागले, टपापर्यंत हात पुरेनात. गाडीला मागे बसणारा फळीचा रॅक आला. मी शेडच्या मागं आहे, माझ्यावर दोडक्याचा वेल चढलाय. पावसानं एक पट्टा कुजला. मिस्त्री कधीतरी येतात, टिचकी मारतात. हल्ली "हं" म्हणत नाहीत. पण वेल काढूनही टाकत नाहीत, दोडके चांगले लागतात म्हणून.

माझी तक्रार नाही. मागणं आहे. मित्रांनो, ज्याच्या डोक्यावर तुम्ही आपलं ओझं देता त्याचे पट्टे अधूनमधून बघत चला. निघण्याआधी सायकल गदगदा हलवा. कमानीखाली शिरण्याआधी आपली उंची आठवा. देवाला हात जरूर जोडा, पण जोडण्याआधी हातात काय होतं आणि ते कुठं ठेवलं, हेही ध्यानात असू द्या.

आणि आणखी एक. त्या दिवशी आम्ही संध्याकाळी पुलीला उतरलो, तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. वेन-बिन तेवढा फरसबंदीच्या कडेला बसून होता. शेजारी एका चाकाची सायकल, आणि वरून येणाऱ्यांसाठी त्यानं गावातून आणवलेल्या चहाचे पेले. बी-श्यानं पुसून लख्ख केलेलं चाक त्याच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला. त्यानं चाक मांडीवर घेतलं. किती वाजता पोचलात, फोटो काढले का, यातलं काही त्यानं विचारलं नाही. हाय-शुनला जवळ बसवून घेतलं, त्याच्या हातात चहा दिला आणि विचारलं,

"वारा होता ना वर?"

जे वर पोचले त्यांना डोंगर ओळखतो. खाली बसून राहिलेल्या या माणसाची आठवण तेवढी तुम्ही ठेवा.