नदीचं नाव नाही

“नदीचं नाव नाई,” वारलू म्हणाला.

रविवारचा शास्त्रवर्ग चालू होता आणि बायबलातलं प्रकटीकरणाचं पुस्तक शेवटाला आलं होतं. पाळक गुणवंतरावांनी नुकतंच वाचलं होतं, की शेवटच्या दिवशी समुद्र आपल्यातले मेलेले परत देईल, मृत्यू देईल, अधोलोक देईल. वर्गाने माना डोलावल्या. वर्गातल्या कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याने काय द्यावं याबद्दल कोणाची हरकत नव्हती. हरकत घेतली ती एकट्या वारलूने, आणि तो प्राणहिता नदीच्या घाटावर माणसं पलीकडे न्यायचा डोंगा चालवायचा.

“समुद्र देइन. मरन देइन. अधोलोक देइन,” त्याने बोटांवर मोजलं. “नदी देइन का नाई, थे काऊन नाई लिवलं, पाळकबाबा?”

कोणी हसलं नाही. त्रेपन्नच्या पुरात घाटावर बांधलेला डोंगा सुटला, तेव्हा तो धरायला वारलूची लेक कमळा धावली होती. डोंगा खाली सिरोंच्याजवळ उपडा सापडला. कमळा सापडली नाही.

गुणवंतरावांचा वर्गात एकच नियम होता. शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावायचा. पदरचं काही घालायचं नाही. जो घालील त्याने उठून बाहेर चिंचेखाली बसायचं. नियम कडक होता आणि भविष्यवाणी अवघड. प्रकटीकरणातले लोखंडी उरस्त्राणाचे टोळ म्हणजे ठेकेदाराच्या सागवान नेणाऱ्या लाऱ्या, असं नथ्थू सुतार म्हणाला आणि चिंचेखाली गेला. त्याला पटलं म्हणणारे त्याच्या मागे गेले. एका रविवारी तर सगळा वर्ग चिंचेखाली होता आणि आत पाळक एकटेच. त्या दिवशी प्रार्थना खिडकीतून झाली.

“नदी म्हंजे लहान समुद्रच ना,” नथ्थू आताही म्हणाला, आणि कोणी सांगायच्या आधी उठून बाहेर गेला. वाट पाठ होती.

गुणवंतरावांनी पानं उलटली. “याच पुस्तकात आधी सांगितलं आहे, वारलू. पाणी दिसलं ते म्हणजे लोक, समुदाय, राष्ट्रं.”

वारलूने विचार केला. तो डोंगा वल्हवायचा तसाच, सावकाश विचार करायचा.

“म्हंजे समुद्र म्हंजे लोक. मंग लोकाईनं द्याचे मुडदे. कोन्त्या लोकाईनं, बाबा? मी तं गावोगाव इचारत गेलो खालपर्यंत. तेलुगू येत नाई तं हातानं उंची दाखोली पोरीची. कोनीच नाई देल्ली.”

पाळकांनी पुस्तक मिटलं. “देव तिला विसरणार नाही, वारलू. माझी खात्री आहे.”

“हे लिवलं हाय, का तुमच्या पदरचं?”

गुणवंतराव वहाणा घालून बाहेर गेले आणि चिंचेखाली नथ्थूच्या शेजारी बसले. नथ्थूने सरकून जागा दिली.

जागेचंच तर सगळं होतं. मिशनच्या मसणवटीत भिंतीजवळ गुणाबाईने, म्हणजे वारलूच्या बायकोने, लेकीसाठी जागा धरून ठेवली होती. बाजारात धरतात तशी, पोतं अंथरून आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवून. मागे एकदा कोणाचं तरी मरण झालं आणि तिथेच खड्डा खणायला माणसं आली, तर ती पोत्यावर जाऊन बसली. “इथी हाय कोनी,” म्हणाली. पोतं कुजलं की ती नवं अंथरी.

आणि खाली नदीत, खडकांमधल्या धारेत, वारलूने बांबूचे तट्टे आडवे रोवले होते. पूर दर वर्षी ते नेई. दसऱ्यानंतर पाणी उतरलं की वारलू नवे विणून लावी. मासे अडकत, ते तो घरी नेई. पण तट्टे माशांसाठी नव्हते. सकाळी आधी तो पाण्यात हात घालून तळ चाचपायचा, मासे नंतर काढायचा. पुराने तिला वर कुठे वाळूत पुरलं असेल आणि पाणी तिला एक दिवस सोडवून आणील, असा त्याचा हिशोब होता. निदान हाड तरी. कमळाच्या हातात गिलटाचं कडं होतं.

पुढचा रविवार यायच्या आत गुणवंतराव घाटावर आले. धोतराला कुसळं, हातात पुस्तक. सापडलं होतं.

“उपदेशकाचं पुस्तक, पहिला अध्याय! सगळ्या नद्या समुद्राला जातात. लिहिलेलं आहे, वारलू. माझ्या पदरचं एक अक्षर नाही.”

वारलूने वल्हं खाली ठेवलं. “अजून एकडाव वाचा.”

त्यांनी वाचलं.

“साऱ्या?”

“सगळ्या.”

“प्रान्हिताबी?”

“सगळ्यांत आलीच की. म्हणजे नदीतले मेलेले समुद्रातच गेले, आणि समुद्र तर देणारच आहे.” पाळकांचे डोळे भरून आले होते. इतकी चोख जुळणी त्यांना पूर्वी कधी साधली नव्हती.

वारलू धारेकडे बघत होता. तट्ट्यांवर पाणी अडून फेस झाला होता.

“म्हंजे मीच आडवून राह्यलो तिले,” तो म्हणाला.

हे गुणवंतरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. “अरे, ती कधीच गेली असेल पुढे. पहिल्याच पुरात.”

“हे लिवलं हाय का?”

गुणवंतरावांनी आजूबाजूला पाहिलं. घाटावर चिंचेचं झाड नव्हतं.

पाळक वारलूबरोबर घरापर्यंत आले, पण गुणाबाई ऐकेना. “तट्टे काढाचे नाई. हाड तरी भेटन. माती देऊ.”

“थे समुद्रात पोचली पायजे, कमळाची माय. तिथून उठवतेत.”

“तुमी समुद्र पाह्यला का?”

“नाई.”

“मंग जे पाह्यलं नाई तिथं पोरीले एकटी धाडता?”

तेवढ्यात दारातून नथ्थू म्हणाला, “परकं नाई वयनी. आपला जिल्हा आता मुंबई राज्यात गेला. सरकारनं देल्ला आपल्याले समुद्र.”

गुणाबाईने पाळकांकडे पाहिलं. “खरं हाय, बाबा? आपलाच हाय?”

मुंबईचा समुद्र पश्चिमेला आणि या नदीचं पाणी जातं पूर्वेच्या समुद्राला, हे गुणवंतरावांना ठाऊक होतं. पण ते शास्त्रात कुठे नव्हतं, म्हणून ते बोलले नाहीत. त्यांनी नुसती मान डोलावली. गुणाबाई उठून मसणवटीकडे गेली.

वारलूने तट्टे एकट्याने काढले. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एकेक खुंट हलवून उपटला. शेवटचा तट्टा सुटण्याआधी सवयीने तळात हात घातला, बराच वेळ चाचपलं. मग सोडून दिला. अडलेलं पाणी एकदम खाली गेलं आणि धार नेहमीसारखी वाहू लागली.

गुणाबाई काठावर उभी होती. काखेत पोतं होतं. दिवाळीतच बदललेलं, चांगलं मजबूत. त्यात घरचं धान सहज मावलं असतं. तिने ते दोनदा झटकलं, चौघडी घातली आणि डोंग्यात चढून पुढच्या फळीवर ठेवलं, जिथे कमळा बसायची.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. डोंगा भरला. पलीकडचा एक व्यापारी मऊ बघून त्या पोत्यावर टेकायला गेला.

“तिथं नाई, भाऊ,” वारलू म्हणाला. “जागा धरली हाय.”

व्यापारी मागे सरकला आणि आपल्या टोपलीवर बसला. वारलूने डोंगा पाण्यात लोटला.