सुकेहारूची तुटलेली रेघ

तलवार खरी की खोटी हे मी मूठ उतरवून सांगतो. पात्याला उजाळा देता येतो, पण मुठीच्या आत कारागिराने छिन्नीने कोरलेलं नाव आणि त्यावर शेकडो वर्षं चढलेला गंज, याला हात लावायचा नसतो. शिकलगाराच्या घरातल्या पोराला हे अक्षरओळख होण्याआधी शिकवतात. मी तर त्यातला शहाणा. सगळ्या बिझेन भागात नागासेचा शब्द म्हणजे शेवटचा, असं लोक म्हणत आणि मी त्यांना म्हणू देत असे.

गेल्या महिन्यात देवळाचा पुजारी माकाबे एक लांब पेटी घेऊन आला. छताची डागडुजी करताना आढ्याजवळ सापडली म्हणाला.

"बघा तरी, नागासेसान. उंदरांनी म्यान खाल्लंय, पण पातं शाबूत दिसतंय."

मी त्याला पोच लिहून दिली. सही वेडीवाकडी आली. माझा हात हल्ली थरथरतो, आणि ते कोणाला दिसलेलं मला आवडत नाही.

मूठ उतरवली. गंजात नाव होतं: सुकेहारू, ताठ रेघेसाठी नावाजलेला जुन्या काळचा कारागीर. रेघा कापऱ्या, आणि शेवटची रेघ मध्येच तुटून थोडी खाली पुन्हा सुरू झालेली. आणखी एक नकली, मी मनात म्हटलं. मग पातं उलटं केलं. मागच्या बाजूला त्याच हाताने कोरलं होतं: 'ग्रामदेवतेला अर्पण. वय वर्षे चौऱ्याहत्तर.' माकाबेने देवळाची जुनी वही आणून दाखवली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुकेहारू नातवाच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः ती तलवार घेऊन आला होता, अशी नोंद होती.

ती तुटलेली रेघ मी आधी पाहिली होती.

तेवीस वर्षांपूर्वी माझा शाळेपासूनचा मित्र इसोबे घराण्याची तलवार घेऊन माझ्याकडे आला होता. सोबत त्याचे वडील, ऐंशीचे आणि जवळजवळ बहिरे. मी शेजारगावच्या एका संग्राहकाकडून सुकेहारूची नावाजलेली तलवार मागवली आणि दोन्ही एका पांढऱ्या कापडावर शेजारी ठेवून दिवसभर पाहिल्या. पोलाद एकच, पाणी देताना धारेजवळ उमटलेली लाट एकच. नाव मात्र जुळेना. तिथे प्रत्येक रेघ ताठ आणि इथे सगळं डळमळीत. खोटी सही, मी मोठ्याने सांगून टाकलं.

"म्हाताऱ्याचा हात आहे तो!" वडील ओरडून बोलले. बहिरी माणसं बोलतात तसे. "हे बघ!" त्यांनी चहाचा पेला उचलून दाखवला आणि अर्धा चहा चटईवर सांडला.

मी हसलो. "काका, तुमच्या चहावरून तलवारी ठरवायला लागलो तर मला दुकान बंद करावं लागेल."

इसोबे हसला नाही. युद्ध संपल्यावर घरोघरच्या तलवारी जप्त होत होत्या, तेव्हा वडिलांनी ही जमिनीखाली पुरून लपवली होती. सापडली असती तर सगळं घर तुरुंगात गेलं असतं. इसोबे त्यांच्या कानाशी वाकला आणि त्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाला, "या खोट्यासाठी आम्हाला तुरुंगाच्या दारात नेलं होतंस, बाबा? आणि वर खरी, खरी म्हणून सांगत राहिलास?"

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला.

चांगल्या पात्यावर खोटं नाव ठेवू नये, अशी आमच्यात रीत आहे. नाव काढलं की ते पातं बिननावाचं, पण इभ्रतीचं होतं. इसोबे म्हणाला, काढून टाक. मी कानस घेऊन ते माझ्या हाताने घासून काढलं. वडिलांनी त्यानंतर तलवारीबद्दल ब्र काढला नाही, आणि दोन वर्षांनी गेले.

कानस लावण्याआधी मी नेहमीप्रमाणे नावाचा शाईने ठसा घेतला होता. तो खणातून काढून देवळाच्या तलवारीशेजारी धरला. रेघ बरोबर त्याच जागी तुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसोबेकडे गेलो. ओसरीवर बसून तो वाळवणासाठी पर्सिमनची फळं सोलत होता.

"ये. चेहरा का पाडलायस? कोण गेलं?"

मी ठसा त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. सारवासारव केली नाही. "खरी होती. चूक माझी."

तो सोलत राहिला. हातातलं फळ संपल्यावर म्हणाला, "मग कोर परत."

"नाही कोरता येत. मी कोरलं तर ते खरोखरच खोटं होईल."

"एकवीस वर्षं मी बाबाला उदबत्ती लावतोय," तो म्हणाला. "आणि दर वेळी मनात म्हणतो, लबाड म्हातारा."

"मला शिव्या दे, इसोबे."

"तुला देऊन काय करू? आत जा. त्याला सांग."

आतल्या खोलीत देव्हाऱ्यात म्हाताऱ्याचा फोटो होता. मी ठसा पुढे ठेवला, हात टेकून बसलो आणि कपाळ चटईला लावलं. मला रडू येत होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती.

"काका, तलवार खरी होती," मी पुटपुटलो.

इसोबे माझ्या मागे दारात येऊन उभा होता.

"मोठ्याने सांग," तो म्हणाला. "बाबाला ऐकू येत नाही."