खलाशी निवासातली फॅमिली रूम

नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती घराच्या पुढच्या खोलीतल्या आपल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या पँटची शिलाई उसवत बसली होती. तो जहाजावर ऑइलर होता, म्हणजे इंजिनाच्या पोटात राहून त्याचं तेलपाणी बघणारा. सहा-सात महिने पाण्यावर आणि मग दोन-तीन महिने घरी, असं लग्नापासून चाललं होतं. या खेपेला तो परतीच्या वाटेवर होता.

"अजून बाहेरच नांगर टाकून उभे आहोत," तो म्हणाला. "धक्का मोकळा होत नाही. आठवडा तरी जाईल."

ती "बरं" म्हणणार, तोच त्याच्या मागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "अरे, खालच्या नळाला पाणी आलं का बघ रे."

फोन लगेच बंद झाला. ती कात्री हातात धरून तशीच बसून राहिली. भर समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावर खालच्या नळाला पाणी आलं का, हे कोण कशाला विचारेल?

संध्याकाळी तिने ही गोष्ट जावेच्या कानावर घातली. जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. भाजी निवडता निवडता तिचे हात थांबले. तिने आवाज खाली आणला आणि म्हणाली, "बाई असणार."

"कसली बाई?"

"बाईसारखी बाई. भावजी उतरले असतील केव्हाच, आणि परस्पर तिकडे गेले असतील. तू भोळी आहेस."

तिने जावेचं बोलणं हसण्यावारी नेलं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी एकाच पँटचे दोन पाय कमीजास्त कापले गेले तेव्हा तिने मशीन झाकून ठेवलं. कापड आणायला शहरात जाते, असं मुलीला सांगून तिने बस धरली.

शहरात तिला ठाऊक असलेला पत्ता एकच होता, खलाशी निवास. जहाजावर चढण्याआधी आणि उतरल्यावर डॉक्टरी तपासणी, कागदपत्रं यांसाठी नवरा तिथे एक-दोन दिवस राहायचा. इतक्या वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. जाण्याचं कारणच पडलं नव्हतं.

बंदराच्या फाटकामागच्या गल्लीत ती चार मजली इमारत होती. खाली दोरखंड, जाड तळव्यांचे बूट आणि स्वस्तातल्या बॅगा विकणारी दुकानं, वर लोखंडी कठडे, आणि कठड्यांवर वाळत टाकलेले जहाजावरच्या कामाचे बॉयलर सूट, हातपाय पसरून लोंबकळणारे. कुणी जहाजावरून उतरलेले, कुणी जहाजाची वाट बघणारे, कुणी रक्तदाब वाढला म्हणून अडकून पडलेले, सगळे इथेच. हॉटेलात एका रात्रीला जेवढे जातात तेवढ्यात इथे आठवडा निघायचा, त्यामुळे खाट रिकामी अशी क्वचितच सापडायची.

दाराशी टेबल मांडून एक जाडजूड म्हातारा चष्मा कपाळावर चढवून बसला होता. हा इथला व्यवस्थापक. त्याला सगळे कप्तान म्हणत. जहाजाच्या पॅन्ट्रीत कपबश्या विसळण्यापलीकडे त्याची मजल कधी गेली नव्हती, पण नाव पडलं ते पडलं.

तिने नवऱ्याचं नाव सांगितलं.

"ऑइलर होय? तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको."

कप्तानाने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "बसा वहिनी, पाणी घ्या. महिन्यातून एखादी येतेच, बाई शोधत. बाई काही सापडत नाही, नवरा तेवढा सापडतो."

तिचे कान तापले. "मी बाई शोधायला आले असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? माझीही आली होती. तेव्हा या टेबलामागे दुसरा कप्तान होता." त्याने जिन्याकडे बोट केलं. "गच्चीवर आहेत. पंप बिघडलाय. खरं तर बायकांना वर सोडायचा नियम नाही, पण माझ्याच्याने जिना चढवत नाही. जा तुम्ही. फक्त खोकत खोकत जा, म्हणजे कुणी उघडाबोडका असला तर आवरेल."

ती खोकत खोकत वर निघाली. जाता जाता उघड्या दारांतून खोल्या दिसत होत्या. एकेका खोलीत सहा-सहा खाटा, चादरी अशा ताणून बसवलेल्या की सुरकुतीला जागा नव्हती. प्रत्येक दार भिंतीतल्या आकड्याला अडकवलेलं, वाऱ्याने हलेल अशी सोयच नाही. आणि प्रत्येक टेबलावर कप अगदी मधोमध ठेवलेले, कडेपासून लांब, जहाज डोललं तरी पडू नयेत असे. ती पायरीवर थबकली. नवरा घरी आला की प्रत्येक कप असाच टेबलाच्या मध्यावर सरकवायचा, आणि दर वेळी ती चिडायची. हा त्याचा चक्रमपणा, असंच तिने आजवर धरलं होतं. इथे सगळेच तसे होते.

गच्चीवर दोऱ्यांवर चादरी फडफडत होत्या. त्यांच्या आडून हसण्याचा आवाज आला. तिने चादर बाजूला केली. पंपाशेजारी नवरा पालथा पडला होता, कोपरापर्यंत काळा झालेला. भोवती चार जण उकिडवे बसले होते. "अरे पाना दे म्हटलं तर पक्कड काय देतोस? लग्नात हार मागितला असता तर दोरखंड घातला असतास," तो म्हणाला. चौघे खिदळले, आणि त्यांच्यापेक्षा जोरात तो स्वतः हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ती बघत राहिली. घरी तो हसायचा तो ओठांनी, पाहुण्यांनी यजमानाच्या विनोदाला हसावं तसा. हा माणूस आपल्या घरी कधी उतरलाच नाही, असं तिच्या मनात आलं, आणि बाई असती तर बरं झालं असतं असंही क्षणभर वाटून गेलं. बाईशी भांडता तरी आलं असतं.

त्याने मान वर केली. हसू तिथल्या तिथे विरलं. चौघांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एकेक करून गुपचूप जिना उतरले.

"तू इथे कशी?" तो उठून बसत म्हणाला.

"मी बसने. तुम्ही सांगा, तुमचा नांगर कुठे टाकलाय?"

तो हात पुसत राहिला. चिंधी हातांहून काळी झाली तरी पुसत राहिला.

"कधी उतरलात?"

"झाला आठवडा. थोडं जास्तच."

"आणि मागच्या वेळी?"

त्याने चिंधी उलटी केली.

"म्हणजे दर वेळी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. ती पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली. "का, तेवढं सांगा. घरात काय कमी आहे?"

"कमी काही नाही. सगळं आहे. तेच तर." तो शब्द शोधत होता. बोलायची त्याला सवय नव्हती. "मी आलो की तुम्ही खुर्ची रिकामी करता. तू ताट वाढतेस. पोरगी टीव्ही बारीक करते. मागच्या वेळी मी आतल्या खोलीत दिवा लावायला गेलो. बटण जुन्या जागी नव्हतं. भिंत चाचपडत उभा होतो. पोरगी आली, दिवा लावून दिला आणि म्हणाली, बाबा, बाथरूम तिकडे आहे."

तिला हसू फुटणार होतं. त्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"तिचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "पण मला वाटलं, या घरात मी वाट चुकलेला माणूस दिसतो. म्हणून इथे थांबतो थोडे दिवस. जमिनीची सवय होते. इथे कुणी माझ्यासाठी उठत नाही. पंप बिघडला की मला हाक मारतात."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगू? घरी यायला धीर होत नाही म्हणून?"

वाऱ्याने एक चादर तिच्या अंगावर आली. तिने ती हाताने दूर धरली. भांडायचं म्हणून बसमध्ये जुळवून आणलेली वाक्यं तिच्यापाशी तयार होती, पण त्यांतलं एकही इथे बसेना. उलट भलतंच काही आठवत होतं. मागच्या वर्षी जहाज लांबलं, अजून महिनाभर येत नाही असा त्याचा फोन आला, तेव्हाचं.

"तेव्हा मी रडले असेन असं तुम्हाला वाटलं असेल," ती हळू म्हणाली. "सगळ्यांनाच वाटलं. जाऊबाई तर माझ्यासाठी चहा करून घेऊन आल्या. मी रडले नव्हते. मला हायसं वाटलं. तुम्ही येणार म्हटलं की मी आधी आठवडाभर घर घासते. पडदे धुते. दुकान लवकर बंद करते. तुम्ही गेल्यावर घडी बसायला परत महिना जातो. मलाही धीर लागतो हो."

"पडदे धुतेस?"

"दर वेळी."

"मला कधी दिसले नाहीत."

"तेच तर," ती म्हणाली.

मग तो हसला. मघासारखं नाही, पण ओठांनीही नाही.

खाली आल्यावर कप्तानाने दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून न विचारताच किल्ली काढली. तळमजल्यावर मागच्या अंगाला एक फॅमिली रूम होती. बायका-मुलं भेटायला आली तर त्यांच्यासाठी. "स्वयंपाक करायचा नाही आणि मोठ्याने भांडायचं नाही," तो म्हणाला. "हळू भांडायला हरकत नाही."

मी काही राहायला आले नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण तिने मुलीला फोन केला. बाबा भेटले, त्यांचं काम उरकलं की बरोबरच येतो, एवढंच सांगितलं. मुलगी म्हणाली, राहा गं निवांत, मी घेते बघून.

खोली म्हणजे दोन लोखंडी खाटा, एक टेबल, आणि गल्लीकडे उघडणारी खिडकी. तिथे तिला काही करण्यासारखंच नव्हतं. सकाळी तो कँटीनमधून चहा घेऊन आला आणि कप टेबलाच्या मधोमध ठेवले. ती अंथरुणात बसून राहिली. चादर कशी ताणायची ते त्याने दाखवलं. तिला जमेना, कोपरा सुटत होता. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेली बाई चादरीपुढे हरली म्हणून दोघे हसत सुटले.

दुपारी ते बंदराकडे फिरायला गेले. तो दुकानं दाखवत होता. या दुकानातले बूट पहिल्याच पाण्यात उसवतात, त्या म्हाताऱ्याकडे केस कापायचे नाहीत, वगैरे. ती घरचं सांगत होती. फोनवर ती नेहमी सगळं ठीक आहे असंच सांगायची. आता तिने तक्रारी सांगितल्या. घरमालक जिन्याला रंग देत नाही, जाऊ न विचारता दुकानात येऊन बसते, मुलीचं अभ्यासात लक्ष नाही आणि बोलायला जावं तर फणकारते. तो मधेच थांबून विचारायचा, "मग तू काय केलंस?" हे त्याने आधी कधी विचारलं नव्हतं, कारण तिने कधी काही अर्धवट सांगितलंच नव्हतं. सगळं निस्तरून झाल्यावरच ती सांगायची.

दोन दिवस ते तिथे राहिले. निघताना ती त्याला म्हणाली, "पुढच्या वेळी थांबायचं असेल तर थांबा. पण समुद्रात आहे म्हणून सांगू नका. उतरलो म्हणून सांगा. मला वाटलं तर मीही येईन." त्याने मान हलवली आणि दोघांची बॅग उचलली.

घरी पोचल्यावर जावेने तिला जिन्याखाली गाठलं. "कळलं का कोण होती?"

"कळलं. मीच होते," ती म्हणाली. "फॅमिली रूममध्ये राहिले."

जाऊ तशीच जिना चढून वर गेली.

सगळं एका फटक्यात सुरळीत झालं असं नाही. पहिल्या दिवशी मुलीने सवयीने खुर्ची दिली आणि तो सवयीने अवघडून बसला. पण तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. त्याने कुणाला न विचारता मुलीच्या स्कूटरचं मागचं चाक सोडवलं होतं. नट, वॉशर, ब्रेकच्या पट्ट्या, सगळं वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं होतं, आणि मुलगी पाठीला दप्तर अडकवून कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबा, विचारायचं तरी. मला कॉलेजला जायचंय."

"ब्रेक लागत नाहीत तुझे. अशी चालवतेस रोज? डोकं कुठे गहाण ठेवलंयस?"

"मला चालवता येते. आईला विचारा."

"आईला कशाला विचारू? मी बघितलंय."

आईला ज्या सुरात ती उत्तरं द्यायची, त्याच सुरात मुलगी आज बापाला देत होती, आणि तोही मागे हटत नव्हता. ती आत मशीनवर बसली होती. एरवी ती धावत गेली असती, त्याला चुचकारलं असतं, मुलीला डोळ्यांनी दटावलं असतं. ती उठली नाही. तिने मशीनचं पायडल थांबवलं आणि ऐकत राहिली.

शेवटी मुलगी पाय आपटत बसने गेली. संध्याकाळी तिने स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, बापासमोर उभी केली आणि हेल्मेट न काढताच म्हणाली, "अजून आवाज येतोय. नीट बघा."

तो पाना शोधायला आत आला. पाना कुठे असतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याने स्वयंपाकघरातले दोन खण उघडले, तिसरा उघडला, बाहेर काढलेलं सामान तिथेच टाकून चौथ्याकडे वळला. ती मशीनवरून उठली आणि त्याच्या मागोमाग एकेक खण बंद करत गेली.