राधिकाचा गुरुवार

अमेरिकेतल्या हर्नडनच्या एका इमारतीतल्या चार आयांनी आपला तोडगा काढला होता. सोमवार ते गुरुवार एकेकीने एकेक दिवस सुट्टी घ्यायची आणि चौघींची बाळं सांभाळायची. शुक्रवारी जिचं तिने बघावं. टांझानियाची नीमा याला उजामा म्हणायची. एका कुटुंबासारखं राहायचं, राबायचंही मिळून. "सरकारने उजामा सक्तीने केला तेव्हा माझ्या आजीचं अख्खं गाव ट्रकमध्ये भरून हलवलं," ती सांगायची. "तसला नको. हा आपण होऊन केलेला."

गुरुवार राधिकाचा. पण नागपूरहून सासरे आले होते.

"लोकांची पोरं आपण का सांभाळायची?" दिगंबरराव सोफ्यावरून म्हणाले. "घरात अंगणवाडी काढलीय का?"

"बाबा आहेत तोवर कॅन्सल कर ना, यार," तिचा नवरा सुशांत बूट घालता घालता पुटपुटला.

"मी माझा दिवस दिला नाही, तर बाकीच्या त्यांचे तीन मला का देतील? नोकरी सोडू?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस ते गाडीत ठरव. मुलं येणार."

छोटी अनया राधिकाच्या कुशीत झोपली होती, कुडत्याची कड मुठीत धरून. ती उठू नये म्हणून राधिका हळू बोलली, एवढंच. सुशांत किल्ल्या घेऊन निघाला.

थोड्या वेळाने नीमा तिच्या बाळाला घेऊन आली. दिगंबररावांना वाकून नमस्कार केला आणि राधिकाला विचारलं, "कधी आले?"

"तीन आठवडे झाले."

नीमा हसत इंग्रजीत भरभर काहीतरी म्हणाली आणि बाळाला राधिकाच्या दुसऱ्या हातात देऊन कामावर पळाली.

"काय म्हणाली ती?" दिगंबररावांनी विचारलं.

एरवी राधिकाने 'तब्येत विचारली' म्हणून वेळ मारून नेली असती.

"त्यांच्याकडे म्हण आहे, बाबा. पाहुण्याला दोन दिवस जेवू घाला, तिसऱ्या दिवशी हातात कुदळ द्या."

दिगंबररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. राधिकाने सारवासारव केली नाही.

"आपल्याकडे काय वेगळं आहे?" ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी राही, त्याची अक्कल जाई."

"मग धरा याला. मानेखाली हात ठेवा." त्यांच्या होकाराची वाट न बघता तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलंसुद्धा. दारावरची बेल वाजली. आणखी दोघं यायची होती.

"अगं, थांब," दिगंबरराव अवघडून म्हणाले, "आधी याचं नाव तरी सांग."