बिनकडीच्या घरातली गोष्ट

कौसाला गोवर निघाला, तशी कुणी आत-बाहेर करू नये म्हणून आईनं चौकटीला लिंबाचा डहाळा बांधला आणि पोरीला बनूआत्याच्या हवाली केलं. बनूला नवऱ्यानं टाकलेलं. भावाकडं आल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. लोकांच्या जिभेला काय हाड असतं?

पोरगी मात्र वस्ताद. भूगोलाचं पुस्तक छातीशी धरून झोपायची आणि गोष्ट म्हटली की नाक मुरडायची.

“राक्षसानं राजकन्येला खोलीत कोंडलं,” बनू सांगू लागली, “आन् भाईरनं कडी घातली.”

“खोटं! घराला कडी कुटं असती?” शिंगणापुरात जन्मलेल्या कौसानं दाराचं घर पाहिलंच नव्हतं. “त्यांच्या गावाला शनिदेव न्हवता व्हय?”

बनू वैतागली. “मग तूच सांग की, शहाणे!”

कौसानं चौकटीवरच्या डहाळ्याकडं बघितलं.

“एक आत्या हुती. तिच्या घराला दार न्हवतं, कडी न्हवती, राक्षसबी न्हवता. तरी तिला भाईर जाता येत न्हवतं.”

वारा घालणारा बनूचा पदर थांबला.

“पुढं काय झालं गं?”

“थांब, रचू दे,” कौसा हसली. “खरी थोडीच हाय!”