काचेखालचा कण

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे, पण वापरून जुनं झालेलं नाही. ताटकळून जुनं झालेलं.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर, मिठाची बरणी आणि पाण्याचा जग बाजूला सारून मला जोडलं गेलं. जोडणारा माणूस फ्रिज दुरुस्त करतो. पंजे असे की बघणाऱ्याला वाटावं, हा घड्याळ जोडणार की फोडणार? पण डोळ्याला भिंग लावून त्याच पंज्यांनी तो मोहरीपेक्षा बारीक स्क्रू बसवतो. पोटासाठी नाही, हौस म्हणून. माझं मशीन एका पार्सलातून आलं, पोलादी केस दुसऱ्या पार्सलातून. डायल मात्र त्याने स्वतः रंगवली. पांढरीशुभ्र, वर ठसठशीत काळे आकडे आणि जाडजूड काटे.

कारण मी त्याच्या वडिलांसाठी होतो. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांनी जन्मभर बस चालवली, मिनिटाकडे बघून गाडी सोडली. आता त्यांची नजर उतरत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. "दिसतंय तोवर माझी वेळ मला बघू दे," एवढंच ते मुलाला म्हणाले होते.

एका सकाळी मला चावी दिली आणि मी चालू झालो. नानांनी मला खिडकीपाशी नेलं, डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "सव्वादहा."

बरोबर होतं. म्हातारा लहान मुलासारखा हसला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सुख तेवढंच.

पट्ट्याला आणखी एक भोक पाडायचं होतं म्हणून मुलाने मला परत घेतलं, आणि सवयीने भिंग लावलं.

"थांबा नाना. काचेखाली कण राहिलाय."

"राहू दे की. मला कुठे दिसतोय?"

"मला दिसतोय ना."

झालं. त्याने मला उघडलं, रबरी फुग्याने हवा मारली, मिटलं. चारजवळचा कण गेला, नऊजवळ दुसरा आला. मग सदऱ्याचे धागे पडतात म्हणून हा उघडाबंब बसू लागला. धूळ उडते म्हणून पंखा बंद. घर घामाने निथळतंय आणि हा कण शोधतोय.

"ऑपरेशन चाललंय का?" बायकोने विचारलं. "पेशंट दगावायच्या आधी आम्हीच दगावू."

एकदा चिमटा निसटला आणि डायलवर ओरखडा उठला. पुन्हा रंग, पुन्हा वाळवण. फोनवर त्याच्यासारख्याच हौशी लोकांचा एक ग्रुप होता. तिथे तो माझे फोटो टाकायचा आणि कुणीतरी लिहायचं, सहाच्या खाली काहीतरी दिसतंय बघ. की पुन्हा उघड.

नाना खुर्चीतून विचारायचे, "झालं का रे?"

"या आठवड्यात नक्की देतो, नाना."

आठवडे येत गेले. मी बिनचूक चालत होतो. मला तोंड असतं तर शिवी हासडली असती. अरे, बापासाठी बनवतोस की ग्रुपसाठी? पण घड्याळाला बोलता येत नाही, नुसतं फिरता येतं.

शेवटी बायको फटकन बोलली, "तुमच्या दोस्तांना कण दिसतो म्हणून नानांना घड्याळ मिळत नाही. त्यांचे डोळे थांबणार आहेत का तुमच्यासाठी?"

त्याने पुन्हा डोळ्याला भिंग लावलं. हातात माझंच झाकण होतं.

आणि एक दिवस काच निर्मळ निघाली. भिंगातूनही कुठे काही नाही. त्याने फोटो टाकला, ग्रुपवर वाहवा झाली. मग तो खुर्चीपाशी गेला आणि मला नानांच्या मनगटावर बांधलं.

नाना उठून खिडकीपाशी गेले. मला जवळ धरलं, लांब धरलं, तिरकं केलं. बोटाने काच चाचपली.

"झकास झालंय," ते म्हणाले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "काटे बसवलेस ना रे?"

मुलाने वाकून माझ्याकडे पाहिलं. माझे जाडजूड काळे काटे अकरा दाखवत होते.

मित्रांनो, मी काही थोर नाही, शहाणपण शिकवायची माझी पात्रता नाही. पण राग आहे म्हणून सांगतो. कुणासाठी काही बनवत असाल तर त्याला हवं तेव्हा त्याच्या हातात द्या. ओबडधोबड असलं तरी द्या. त्याची गरज तुमच्या हौसेसाठी खोळंबून राहत नाही.

नाना मला रोज बांधतात. सकाळी न चुकता चावी देतात, मुलाला वाईट वाटू नये म्हणून. आणि मग घरात हाक मारतात, "सूनबाई, किती वाजले गं?"

आत्ताही विचारलं त्यांनी. आत नळ चालू आहे, तिला ऐकू गेलं नाही. ते वाट बघत बसलेत, मनगट मांडीवर ठेवून.

चार वाजून दहा मिनिटं, नाना. चार दहा.